छोट्या कॉलेजाला ऑर्केस्ट्रा नसला तर बिघडत नाही

संगीत विभाग असलेल्या छोट्या कॉलेजांत एक रडगाणं कायम ऐकू येतं: आमच्याकडे पुरेसे वादक नाहीत, ऑर्केस्ट्रा उभा राहत नाही. फ्लूटवाले पाच, बॅसूनवाला एकही नाही. व्हायोला दोन, त्यातलाही एक यंदा पास होऊन जाणार. मग वर्षातून एकदा बाहेरून वादक आणायचे, रिकाम्या खुर्च्या भरायच्या, एखादी सिंफनी कशीबशी पार पाडायची आणि वार्षिक अहवालात फोटो छापायचा. यात जो पैसा आणि जी मेहनत जाते, ती चुकीच्या ठिकाणी जाते असं माझं ठाम मत आहे.

मी व्हायोला वाजवते आणि अशाच एका छोट्या कॉलेजात मुलांचे चेंबर म्युझिकचे, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताचे, ग्रुप बघते, म्हणून हक्काने लिहितेय. अशा कॉलेजांनी चेंबर म्युझिक हाच शिक्षणाचा कणा मानावा. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभर, दर आठवड्याला, दोन-तीन-चार जणांच्या ग्रुपमध्ये वाजवावं. आणि पदवीसाठी जे रिसायटल, म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वादनाचा कार्यक्रम, द्यावं लागतं, त्यातला निदान अर्धा वेळ इतरांबरोबर वाजवलेल्या संगीताचा असावा.

ऑर्केस्ट्रात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलाला अवघड ओळ आली, की गज हलका करून वेळ मारून नेता येते. आजूबाजूचे सांभाळून घेतात. क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या मेळात, ती सोय नाही. एका ओळीला एकच माणूस. त्याने तो स्वर वाजवला नाही, तर तो वाजतच नाही. समोर काठी घेऊन उभं राहणारंही कोणी नसतं. त्यामुळे सुरुवात कशी करायची, लय कुठे सैल सोडायची, कुठे पुन्हा आवळायची, हे चौघांनी वाजवता वाजवता ठरवायचं असतं. पहिलं व्हायोलिन वाजवणारी मुलगी सुरुवातीला जो श्वास घेते, त्यातच पुढची लय आणि जोर दोन्ही असतात. बाकीच्या तिघांना तो श्वास दिसला पाहिजे. नवा ग्रुप असेल तर हे जमायला बरेच आठवडे लागतात, कारण आधी सगळे आपापल्या कागदात डोकं खुपसून बसलेले असतात.

सुरांचं काम तर मला सगळ्यांत आवडतं. अठराव्या शतकातला संगीतकार हायडन याच्या क्वार्टेटमधला एखादा साधा मेजर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा जुडगा, घ्या. चौघांनी एकदम वाजवला की तो हमखास खरखरीत लागतो. मग मी सगळ्यांना थांबवते. आधी एकट्या चेलोने सा धरायचा. त्यावर व्हायोलाने पंचम ठेवायचा, गजाचा दाब न वाढवता, बोट न थरथरवता. पंचम बसला की दुसऱ्या व्हायोलिनने वरचा सा, आणि सगळ्यांत शेवटी पहिल्या व्हायोलिनने गंधार. बहुतेक मुलांचा कान पियानोवर तयार झालेला असतो आणि पियानोचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे साधारण अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा. त्या मुलीला मी फक्त एवढंच सांगते, की बोट अगदी केसभर मागे घे आणि ऐक. ती बोट सरकवते आणि एका क्षणी खरखर थांबते. आवाज अचानक मोठा होतो, आणि खाली एक खोल स्वर घुमायला लागतो, जो चौघांपैकी कोणीच वाजवत नसतं. मुलं दचकून एकमेकांकडे बघतात. त्या दिवसानंतर त्यांना ‘सुरात वाजवा’ असं सांगावं लागत नाही, ती स्वतःच ती जागा शोधायला लागतात. चाळीस जणांच्या ऑर्केस्ट्रात हे शिकवणं मला तरी शक्य वाटत नाही, आणि एकट्याने खोलीत बसून रियाज करताना हे कळायला कोणी समोरच नसतं.

हायडनचं नाव आलंच आहे तर सांगते. त्याने एकूण ६८ क्वार्टेट लिहिली आणि १७८१ साली लिहिलेल्या ओपस ३३ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) च्या संचापासून चारही वाद्यांना खऱ्या अर्थाने बोलायला मिळालं. ही क्वार्टेट ऐकून त्याच्याहून चोवीस वर्षांनी लहान असलेला मोझार्ट कामाला लागला आणि १७८५ मध्ये त्याने सहा क्वार्टेट हायडनला अर्पण केली. अर्पणपत्रिकेत त्याने त्यांना दीर्घ आणि कष्टाच्या मेहनतीचं फळ म्हटलं आहे. ज्याला लोक हात लावताच संगीत सुचणारा माणूस समजतात, त्या मोझार्टला चार वाद्यांसाठी लिहायला कष्ट पडले, हे मी प्रत्येक नव्या ग्रुपला सांगते. १७८४ सालची एक आठवणही नोंदलेली आहे: व्हिएन्नातल्या एका घरगुती बैठकीत पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडॉर्फ, व्हायोला मोझार्ट आणि चेलो वानहाल. चौघेही संगीतकार. तिथे हजर असलेल्या मायकेल केली या गायकाने लिहून ठेवलंय, की वादन बऱ्यापैकी होतं, त्यांच्यापैकी कोणी आपापल्या वाद्यावर असामान्य नव्हता. ज्या विद्यार्थ्याला आपलं तंत्र अजून कच्चं आहे म्हणून ग्रुपमध्ये बसायची लाज वाटते, त्याने हे जरूर ध्यानात ठेवावं.

त्याच ओपस ३३ मधलं दुसरं क्वार्टेट विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात एकदा तरी ठेवा. शेवटच्या मुव्हमेंटच्या, म्हणजे रचनेच्या शेवटच्या भागाच्या, अखेरीस हायडन मुख्य धून तुकड्यातुकड्यांनी वाजवतो आणि मध्ये विराम सोडतो. संपलं असं वाटतं, टाळ्या सुरू होतात, आणि पुन्हा एक तुकडा येतो. मग आणखी लांब विराम, आणि अगदी हळू आवाजात धुनेची पहिली ओळ पुन्हा, जणू सगळं नव्याने सुरू होतंय. तिथेच संपतं. चार मुलं गज हवेत धरून बसलेली असतात, हसू दाबत, आणि हॉलमधला एकही माणूस हलत नाही. मोठ्या सभागृहात हा परिणाम पातळ होतो. साठ-सत्तर खुर्च्यांच्या खोलीत, जिथे पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला वादकाचा श्वास ऐकू येतो, तिथे तो पुरेपूर पोचतो. छोट्या कॉलेजाकडे नेमकी अशी खोली असते आणि तिची कोणी कदर करत नाही.

‘पण आमच्याकडे धड एक क्वार्टेटसुद्धा बसत नाही’ ही तक्रार मला माहीत आहे. तिचं उत्तर या संगीताच्या इतिहासातच आहे, कारण यातलं कितीतरी संगीत समोर जे वादक होते त्यांच्यासाठीच लिहिलं गेलं. पाच फ्लूटवाले आहेत? ब्वामोर्तिए या फ्रेंच संगीतकाराने १७२७ मध्ये खास पाच फ्लूटसाठी सहा कॉन्चेर्टो छापले, दुसरं एकही वाद्य लागत नाही. दुसरं व्हायोलिन नाही, पण पियानो आणि डबल बेस आहे? शूबर्टचं १८१९ सालचं ‘ट्राउट’ क्विंटेट पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस यांच्यासाठी आहे, आणि ते लिहायला सांगणारा माणूस हौशी चेलोवादक होता. तारवाद्यं भरपूर असतील, तर मेंडेल्सननं सोळाव्या वर्षी, १८२५ मध्ये, आठ तारवाद्यांसाठी लिहिलेलं ऑक्टेट आहेच. मुलांना त्याचं वय सांगा, वाजवण्यातला जोर आपोआप वाढतो. आणि फ्रेंच संगीतकार मेसियाँ. १५ जानेवारी १९४१ ला जर्मनीतल्या गोर्लित्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याचं ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ पहिल्यांदा वाजलं. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो हा मेळ निवडायला त्याच्यासमोर पर्यायच नव्हते, कैद्यांमध्ये हे तीन वादक होते आणि पियानोवर तो स्वतः होता. वीसाव्या शतकातली एक अत्यंत मोठी रचना अशी उभी राहिली, आणि आपण बॅसून नाही म्हणून अडून बसतो.

माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट चेक संगीतकार द्वोर्झाकची आहे. १८८७ मध्ये त्याच्या घराच्याच इमारतीत रसायनशास्त्र शिकणारा एक तरुण राहायचा आणि तो व्हायोलिन शिकत होता. तो, त्याचे शिक्षक आणि व्हायोलावर द्वोर्झाक, अशा तिघांना एकत्र वाजवता यावं म्हणून द्वोर्झाकने दोन व्हायोलिन आणि एका व्हायोलासाठी ‘टर्झेटो’ लिहिलं. ते त्या तरुणाला झेपेना. तेव्हा द्वोर्झाकने त्याच तीन वाद्यांसाठी दुसरी, सोपी रचना लिहून दिली. एवढ्या मोठ्या संगीतकाराला एका होतकरू विद्यार्थ्यासाठी पुन्हा लिहायला बसण्यात कमीपणा वाटला नाही. छोट्या कॉलेजातले निम्मे वादक असेच असतात, दिवसा प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी रिहर्सलला. त्यांच्यासाठी हे संगीत दुय्यम दर्जाचं नाही, त्यांच्यासाठीच ते लिहिलंय.

आता रिसायटलबद्दल. अनेक कॉलेजांत तिसऱ्या वर्षी अर्धा तास आणि शेवटच्या वर्षी तासभर अशी पद्धत असते. विद्यार्थी वर्षभर त्याच कार्यक्रमाची धास्ती घेऊन जगतो. एकट्याने उभं राहून, पाठ करून वाजवणं ही मोठी गोष्ट आहे आणि ती सुटू नये. पण त्या तासाभरात पियानोवर बसलेल्या माणसाला आपण कसं वागवतो, हे बघून मला खरंच राग येतो. कार्यक्रमपत्रिकेत विद्यार्थ्याचं नाव ठळक आणि पियानोवादकाचं खाली बारीक अक्षरात, ‘साथ’ म्हणून. बेथोव्हेनच्या दहा सोनाटा पियानो आणि व्हायोलिनच्या आहेत, पियानोचं नाव आधी. फ्रँकच्या १८८६ सालच्या सोनाटातली दुसरी मुव्हमेंट उघडून बघा: आधी पियानो कडाडत येतो, व्हायोलिन नंतर, आणि पियानोची ती ओळ वाजवायला महिनोन्‌महिने लागतात. त्याला साथ म्हणणं म्हणजे संगीत न वाचता पत्रिका छापणं. त्यातून एकच पियानोवादक एका सत्रात डझनभर विद्यार्थ्यांबरोबर वाजवतो, प्रत्येकाबरोबर जेमतेम दोनदा रिहर्सल करून, आणि विद्यार्थ्याला असं वाटायला लागतं की पियानो ही आपल्यामागून आपोआप येणारी वस्तू आहे. पियानोच्या विद्यार्थ्यांना या सोनाटा त्यांच्या स्वतःच्या रिसायटलमध्ये धरा, त्याचे गुण द्या, आणि दोन्ही नावं एकाच आकारात छापा.

एकेक मुव्हमेंट सुटी वाजवण्याची सवयही मोडायला हवी. वेळ कमी असतो हे मान्य. पण हायडनचं अख्खं क्वार्टेट वीसेक मिनिटांत होतं, तेवढं ऐकायला कोणी कंटाळत नाही.

श्रोते येत नाहीत हेही खरं आहे, आणि त्यात दोष श्रोत्यांचा कमी आणि आपला जास्त आहे. सगळी रिसायटल सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत, परीक्षांच्या तोंडावर कोंबायची, संध्याकाळी एकामागून एक लावायची, आणि मग हॉलमध्ये आई-वडील आणि खोलीतले मित्र एवढेच दिसले की हळहळायचं. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवल्यावर मायरा हेस या पियानोवादिकेने तिथे ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या जेवणाच्या वेळेत मैफली सुरू केल्या. एक शिलिंग तिकीट, सोमवार ते शुक्रवार, आणि लोक कामाच्या मधल्या सुट्टीत येऊन बसायचे. साडेसहा वर्षं हे चाललं. कॉलेजमध्ये दुपारची पाऊण तासाची मैफल लावणं त्या मानाने अगदीच सोपं आहे. एक रचना, सुरुवातीला वादकांपैकीच कोणीतरी दोन मिनिटं बोलायचं, शक्यतो एखादी ओळ वाजवून दाखवत, आणि मग संगीत. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, ग्रंथालयातले कर्मचारी, कोणीही आत येऊन बसू शकतं. दोन मुव्हमेंटच्या मध्ये कोणी टाळ्या वाजवल्या, तर वाजवू द्या. मोझार्टच्या काळात त्या वाजायच्याच आणि त्याला त्या आवडायच्या.

विरोधात एक मुद्दा नेहमी येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही: एकट्याचं तंत्र मागे पडतं. ज्याला पुढे ऑडिशन द्यायची आहे त्याला स्केल्स, एट्यूड (तंत्राच्या सरावाच्या रचना), कॉन्चेर्टो यांना पर्याय नाही. आठवड्याला दोन तास ग्रुपमध्ये गेले तर तेवढा रियाज कमी होतो, हे गणित बरोबर आहे. पण मी बघितलंय की क्वार्टेटमध्ये बसणारी मुलं रियाज वेगळ्या कानाने करतात. आपल्या चुकीमुळे तिघांची रिहर्सल वाया गेली, ही जाणीव शिक्षकाच्या ओरडण्यापेक्षा जास्त काम करते.

शिक्षकांनाही एक आग्रहाचं सांगणं आहे. खुर्चीवर बसून सूचना देण्यापेक्षा ग्रुपमध्ये वाजवायला बसा. मोझार्टने १७८६ मध्ये क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानोचं जे ट्रायो लिहिलं, त्यात पियानोची ओळ त्याची विद्यार्थिनी फ्रान्झिस्का फॉन याकिन हिच्यासाठी होती, क्लॅरिनेट आंटोन श्टाडलरसाठी आणि व्हायोला स्वतःसाठी. ती पियानोची ओळ सोपी करून दिलेली नाही, आणि मोझार्ट मधल्या ओळीत बसून तिला आधार देतो. मी मुलांबरोबर हे ट्रायो वाजवते तेव्हा माझ्या तोंडून निघणाऱ्या सूचना निम्म्यावर येतात, कारण जे सांगायचं ते गजानेच सांगता येतं.

हे सगळं अडतं कुठे, तर वेळापत्रकात. चौघांना एकत्र मोकळा वेळ मिळत नाही. चेलोवाल्याची प्रयोगशाळा त्याच दुपारी, पियानोवालीचा कॉयर त्याच संध्याकाळी, आणि शेवटी रात्री दहा वाजता दमलेली मुलं तासभर भेटतात. विभागप्रमुख हे वाचत असतील तर माझी मागणी एवढीच आहे: पुढच्या सत्राचं वेळापत्रक बांधताना आठवड्यातले दोन तास चेंबर म्युझिकसाठी आधी आखून घ्या, बाकीच्या विभागांना तसं लेखी कळवा, आणि त्या दोन तासांत दुसरी कुठलीही रिहर्सल लावू नका, वार्षिक समारंभाचीसुद्धा नाही.