लाटेचं धुकं करू नका

समुद्राचा फोटो म्हटला की हल्ली तीस सेकंदांचं एक्स्पोजर (म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं) ठरलेलंच. पाणी दुधासारखं आणि त्यात तरंगणारे काळे खडक. दिसतं सुंदर, पण माझ्या मते अशा फोटोत खडकावरच अन्याय होतो. पाणी कुठून येतं, कुठे आदळतं, कुठून वळसा घेतं यावर त्या कातळाची घडण ठरते, आणि पाण्याची ती दिशाच आपण पुसून टाकतो.

दिशा टिकते ती साधारण १/४ ते १ सेकंदात. सुरुवात १/२ पासून करा. बटण लाट फुटताना दाबायचं नाही, फुटलेलं पाणी खडकावरून ओसरायला लागलं की दाबायचं. तेव्हा फेसाचे धागे दगडाच्या कडेकडेने ओढले जातात आणि प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा त्या रेषांतून उमटतो. हेच एक्स्पोजर येणाऱ्या लाटेवर वापरलं तर नुसता पांढरा ढीग मिळतो. उडणारे तुषार गोठवायचे असतील तर १/१००० किंवा त्याहून जलद. १/३० च्या आसपास मात्र पाणी धड थांबलेलं दिसत नाही, धड वाहताना दिसत नाही. फोटो हलल्यासारखा वाटतो.

उजेड असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची उजेड कमी करणारी गडद काच, लागतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. ६ स्टॉपच्या फिल्टरने १/१२५ चं साधारण १/२ सेकंद होतं, १० स्टॉपच्या फिल्टरने तेच ८ सेकंदांवर जातं. म्हणून एकच घेणार असाल तर सहाचा घ्या. फिल्टर नाही म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करत एफ/२२ वर जाऊ नका. एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, खडकाचा पोतच मऊ पडतो. फेस जळतो (तपशील जाऊन पांढराफटक होतो) तो आधी, त्यामुळे हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड बघून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

पोलरायझर हा फिरवता येणारा फिल्टर ओल्या दगडावरची चमक काढून त्याचा रंग वर आणतो, पण पूर्ण परिणाम साधेल इतका फिरवू नका. सगळी चमक गेली की खडक ओला वाटतच नाही आणि त्याची गोलाईही हरवते.

फोटो काढण्याआधी दगड वाचायला शिका, यावर माझा फार जोर आहे. नदीच्या पात्रातले रांजणखळगे भोवऱ्यात गोल फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेले असतात. तळाशी ते गोटे असतील तर फ्रेममध्ये घ्याच. चुनखडीच्या भिंतीवर शिंपल्यासारख्या उथळ खळग्या दिसल्या तर त्यांची जास्त उभी बाजू प्रवाहाच्या वरच्या अंगाला असते, आणि खळग्या जितक्या लहान तितकं पाणी वेगवान. किनाऱ्यावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी मात्र बहुधा लाटेने कोरलेली नसते. तुषारांतलं मीठ दगडाच्या छिद्रांत स्फटिक होऊन कण सुटे करतं, त्यातून ती होते. हे सगळे आकार तिरप्या उन्हात उठतात. डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात.

वाळूत ट्रायपॉड आधी दाबून रोवा, दोन लाटा त्याच्या पायांवरून जाऊ द्या, मगच फ्रेम लावा. मधला दांडा वर काढू नका. लाट पायांना लागत असताना काढलेला फोटो हललेलाच येतो.

काचेवर खारे थेंब पडणारच. कोरड्या कापडाने घासलंत तर मीठ आणि वाळू काचेवर ओरखडे काढतात. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने टिपा, मग कोरडं करा. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका.

वेळ ओहोटी सुरू झाल्यावरची निवडा. नुकता उघडा पडलेला कातळ ओला, गडद असतो आणि वाळूवर पावलं नसतात. पण उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि मधली शांतता फसवी असते. खडक जिथवर ओला आहे तिथवर पाणी पोचतं, हे धरून चाला. हिरव्या शेवाळावर पाय नको, समुद्राकडे पाठ नको. नदीच्या घळीत उतरणार असाल तर वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का, हे आधी विचारा. डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही पात्र भरतं.