जोडी पाहिजे?

परवा ओळखीतल्या एका पोराचा मेसेज आला. "दादा, उंदरांची जोडी घ्यायचीय. नर-मादी. ऑपरेशन नको, बारका जीव हाय, त्रास कशाला. दोन पिंजरे करतो, एकाच खोलीत ठिवतो. चालतंय न्हवं?"

त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की म्हटलं इथंच टाकू. मत आधी सांगतो, मग कारणं. नको घेऊस. नर-मादी दोन्ही घ्यायचे तर निदान नराचं खच्चीकरणाचं ऑपरेशन कर, नाहीतर दोन्ही माद्या घे, नाहीतर दोन्ही नर घे. "दोन पिंजरे करतो" हा बेत मी सात महिने राबवलाय. पिंजरा माझ्या स्वतःच्या देखरेखीखाली कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलेला. तरी आपटलो.

आमच्या घरी पाळलेले उंदीर आहेत हे गल्लीत आता सगळ्यांना माहीत झालंय. शेजारच्या काकू अजून म्हणतात, "लोक उंदराचं औषध आणत्यात, ह्यो उंदीर इकत आणतोय." काकूंचं चुकत नाही. पण हे म्हणजे गटारातली घूस नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता, तो वेगळ्या रंगाचे उंदीर मारायचा नाही, पाळून विकायचा. १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा स्वतःचा वेगळा वर्ग मिळाला. म्हणजे सव्वाशे वर्षं ही जात माणसाच्या मांडीवर वाढतीय. हाक मारली की येतात, खांद्यावर बसून फिरतात, भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खातात.

आता मुद्दा. आपल्याकडं दुकानात गेलं की तोंडात पहिला शब्द येतो तो जोडी. लव्हबर्डची जोडी, कबुतराची जोडी, सशाची जोडी. आणि जोडी म्हटलं की डोक्यात नर-मादीच. पण अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात नावाजलेली जोडी कुठली? बैलाची. त्या जोडीत मादी कुठं आहे? दोन्ही नर, आणि दोन्ही खच्ची केलेले. आमचे आजोबा खोंड तयार झाला की खच्ची करून घ्यायचे, त्यात कुणाला पाप वाटलं नाही. मग उंदराच्या ऑपरेशनचं नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी का येतं, हे मला अजून समजलेलं नाही.

शेतकऱ्याच्या घरातले असाल तर पुढचा हिशोब लगेच कळेल. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. उंदराची मादी चार-पाच दिवसांनी येते. म्हणजे वर्षात सत्तर-ऐंशी रात्री. (रात्रीच, कारण माज बहुतेक संध्याकाळी सुरू होतो आणि सकाळपर्यंत उतरतो. तुम्ही झोपलेले असता.) गाभण राहिली की २१ ते २३ दिवसांत व्याली. गाय एका माजावरनं दुसऱ्या माजावर येईपर्यंत ही बाई विऊन मोकळी. आणि व्याल्यावर चोवीस तासांच्या आत परत माजावर. नर जवळ असला तर अंगावर पिल्लं पीत असतानाच पुढची वेत सुरू. एका वेळी आठ-दहा पिल्लं म्हणजे नेहमीचं, बारा-चौदाही होतात. ती पिल्लं पाच आठवड्यांची झाली की स्वतःच कामाला लागू शकतात, आणि आई कोण, बहीण कोण, हे त्यांच्यात कुणी बघत नाही.

माझं कसं झालं ते सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीत दोन माद्या आणल्या, चटणी आणि भाकरी. दोन्ही माद्या आहेत हे शेपटीखाली नीट बघून घेतलेलं. एवढी अक्कल होती. जी नव्हती ती अशी, की दुकानातल्या पेटीत वीस-पंचवीस उंदीर एकत्रच भरलेले असतात. घरी आणल्यावर सोळाव्या दिवशी चटणीनं नऊ पिल्लं घातली. २२ मधनं १६ वजा करा. ती गाभण झाली तेव्हा मी दुकानाची पायरीही चढलो नव्हतो.

पिल्लं बघायला गल्लीतली सगळी पोरं आली. लालभडक, उघडी, आंधळी, शेंगदाण्याएवढी. दोन आठवड्यांनी डोळे उघडले आणि घरच्यांचा जीव जडला. साडेचार आठवड्यांवर मी पाच नर बाजूला काढले. तीन नर एका मित्रानं नेले, चारी पोरी इचलकरंजीच्या एका मॅडमनी. दोन नर राहिले ते राहिलेच. दुकानदार परत घ्यायला तयार होता. पण परत म्हणजे त्याच पेटीत. त्यांची नावं ठेवली भडंग आणि गूळ, आणि ते घरीच राहिले.

इथून माझे सात महिने सुरू झाले. पोरानं जे विचारलंय, अगदी तेच. दोन पिंजरे, नर वेगळे, माद्या वेगळ्या. जाळी बारा मिलिमीटरची, कारण बारकी मादी इंचभर फटीतनं आरामात निघते. पिंजरे एकमेकांना चिकटवायचे नाहीत, हेही शिकलो. मोठ्या जाळीचे पिंजरे शेजारी असले तर ह्यांना मधली जाळी आड येत नाही. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा असतो, आणि तुम्ही टीव्हीचा रिमोट शोधेपर्यंत दहा वेळा होतो.

पण पिंजऱ्याचं एवढं काही नाही हो. लोखंड आपल्या गावात पाहिजे तसं वाकवून मिळतं. त्रास रोजच्या जगण्याचा असतो. उंदीर दिवसातनं तास-दीड तास तरी बाहेर फिरला पाहिजे. चौघं एकत्र सोडता येत नाहीत, म्हणजे दोन पाळ्या. मी शिरोलीला फौंड्रीत पाळ्या करतो आणि घरी आल्यावर परत उंदरांच्या पाळ्या लावतो. माद्या सोफ्यावर खेळून गेल्या की नर तिथंच नाक घासत बसणार, थेंब थेंब मुतून आपली सही करणार. भाकरी माजावर आली की पाठीवर बोट लावलं तरी कमान करून उभी राहायची, कान असे थरथरायचे जणू आत यंत्र बसवलंय. त्या रात्री पलीकडच्या पिंजऱ्यात भडंग आणि गूळ, सख्खे भाऊ, केस फुलवून एकमेकांना धक्के मारत बसायचे. एकदा गूळचा कान फाटला. ज्या मादीचा वास येतोय तिच्यापर्यंत जाता येत नाही आणि वासापासून लांबही जाता येत नाही. बारक्या जिवाला त्रास नको म्हणतोस ना, मग हा कुठला प्रकार?

आणखी एक. एक नर, एक मादी, दोन पिंजरे, म्हणजे दोघं आयुष्यभर एकेकटे. उंदीर कळपातला प्राणी आहे, अंगाला अंग लावून झोपतो, एकमेकांचे केस विंचरतो. दोन-अडीच वर्षांचं आयुष्य, त्यात एकटा ठेवला तर झुरतो. म्हणजे वेगळे ठेवायचेच तर कमीत कमी चार घ्यायला लागतात, दोन-दोन. तू जोडी मागायला गेलास आणि चार जीव, दोन पिंजरे, दोन पाळ्या घेऊन आलास.

तरीही माझं सात महिने चाललं. मग गौरी-गणपती आले. घरात पाहुणे, झाडलोट, माझी दुसरी पाळी. रात्री साडेअकराला घरी आलो तर भडंग माद्यांच्या पिंजऱ्यात भाकरीच्या शेजारी अंग चाटत बसलेला. आईला विचारलं तर आई शांतपणे म्हणाली, "कोपऱ्यात तोंड पाडून बसलेलं लेकरू. त्येच्या आईकडंच सोडलं की, परक्याकडं न्हवं."

काय बोलणार? तिच्या दृष्टीनं ती बरोबरच होती. चटणी खरोखरच त्याची आई. नशीब एवढंच की त्या रात्री माजावर चटणी नव्हती, भाकरी होती. बाविसाव्या दिवशी भाकरीनं आठ पिल्लं घातली. आई त्यांच्यासाठी दुधात भाकरी कुस्करून घेऊन आली आणि वर मलाच विचारते, "आता ही कुठं ठिवायची रं?"

म्हणून म्हणतो, कडी कितीही भक्कम असू दे, ती उघडणारे हात घरात चार-पाच असतात. आई, भाचा, कामाला येणाऱ्या मावशी, आणि झोपेतून उठलेला तू स्वतः. दोन-अडीच वर्षांत सगळ्यांनी मिळून एकदाही चुकायचं नाही, हा तुझा बेत आहे. मी मशीनवर काम करणारा माणूस, मला असला बेत कागदावरच पटत नाही.

ऑपरेशनबद्दल. सोपं आहे असं सांगणार नाही. इथले डॉक्टर गाई-म्हशी, कुत्री बघतात. एकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "उंदरावर मी कधी हात टाकलेला नाही, उगाच मारून टाकायचो." त्यांचे मी आभार मानले. दिवाळीनंतर दोन्ही नर पुण्याला नेले. हायवेनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मांडीवर डबा घेऊन. कुत्र्याला भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवतात, उंदराला ठेवायचं नाही. उंदराला उलटी होतच नाही, उलट उपाशी राहिला तर गळून जातो. ऑपरेशनला जेवढा खर्च आला तेवढ्यात दुकानातले वीस उंदीर आले असते, हे मला तीन जणांनी ऐकवलं. धोका असतो, भुलीतून न उठलेले उंदीरही असतात, डॉक्टरांनी तेही तोंडावर सांगितलं. नराचं ऑपरेशन त्यातल्या त्यात सोपं, मादीचं पोट उघडायला लागतं. पण लहानपणी मादीचं केलं तर पुढं छातीला गाठी यायचं प्रमाण कमी होतं, आणि ह्या गाठी माद्यांना फार येतात. भाकरीचं करायचं का, यावर घरात अजून चर्चा सुरू आहे.

आणि लगेच घरी येऊन एकत्र सोडायचं नाही! खच्ची केलेला नरसुद्धा पुढचे काही आठवडे गाभण करू शकतो. आमच्या डॉक्टरांनी सहा आठवडे थांबायला सांगितलं, आम्ही पिंजऱ्याच्या कडीला कुलूप घालून सहा आठवडे काढले. किल्ली माझ्या पाकिटात. आई चार दिवस बोलत नव्हती.

आता चौघं एकाच पिंजऱ्यात आहेत. भडंग जाडा झालाय, सही करणं जवळजवळ थांबलंय, गूळबरोबरची मारामारी तर विसरलाच. रात्री सगळे एका झोळीत पालथे पडलेले असतात आणि कुणाची शेपूट कुणाची ते कळत नाही.

तर भावा, पोरगा चांगला आहेस म्हणून एवढं लिहिलं. भाकरीच्या आठ पिल्लांपैकी सहा लोकांनी नेली. दोन राहिलीत, एक करडी, एक पांढरी. दोघी बहिणी. रविवारी सकाळी घरी ये, आईच्या हातचा चहा पी, त्या तुझ्या बाहीत शिरतात का बघ. जोडीनंच देणार.