१५१ वं युनिट

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त उघडलं जाणारं अ‍ॅप म्हणजे वीज कंपनीचं. मीटर स्मार्ट झालं तेव्हापासून रोजचे युनिट मोबाईलवर दिसतात आणि बायको सकाळी उठल्या उठल्या देवाला हात जोडायच्या आधी ते बघते. कारण मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे, महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलात तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत, आणि १५१ वं युनिट जळलं की सबसिडी गायब, सगळं नेहमीच्या भावानं. या योजनेत तुमचा पगार कोणी विचारत नाही, फक्त युनिट विचारतात. उन्हाळ्यात एसी लागतो त्यामुळे तेव्हा आम्ही नादच सोडतो, पण जानेवारीत आम्ही अक्षरशः इरेला पेटतो. गिझर दोन किलोवॅटचा, म्हणजे अर्धा तास चालला की एक युनिट, म्हणून मोबाईलवर बारा मिनिटांचा टायमर लागतो आणि तो वाजला की आतला माणूस साबणात असला तरी बटण बंद. आईच्या शेकायच्या पिशवीचे किती युनिट होतात हे पण पोरानं गुगलवर बघून ठेवलंय.

फरक किती, तर पाचेकशे रुपयांचा. आणि गेल्या महिन्यात १४८ वर थांबलो म्हणून त्या आनंदात छप्पन दुकानला, म्हणजे आमच्या इंदौरच्या खाऊगल्लीत, गेलो आणि चौघांचे साडेसातशे घालवून आलो, त्यावर घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

तर आपण नक्की कोण, गरीब, मध्यमवर्ग की श्रीमंत, हा प्रश्न मला काकांनी घातला. काका म्हणजे बँकेतून रिटायर, सुदामा नगरात स्वतःचं दुमजली घर, पोरगा पुण्यात. ते म्हणाले, "काय रे, तुझा टॅक्स शून्य झाला ना? म्हणजे सरकारनं तुला गरिबांत टाकलं." झालं असं की २०२५ च्या बजेटमध्ये नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं आलं, नोकरदाराला स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाख, आणि माझा पगार त्याच्या जेमतेम आत बसतो. मी पेढे वाटले होते. काकांनी त्या पेढ्यांची चव घालवली.

मी म्हटलं गरीब कसा, ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, सर्टिफिकेट मागायला गेलो तर हाकलून देतील, तिथे घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. म्हणजे ८ च्या वर गेलो म्हणून दुर्बल नाही आणि १२ च्या वर गेलो नाही म्हणून टॅक्स भरण्याइतका सबल पण नाही, मधल्या चार लाखांत लटकलेला माणूस म्हणजेच मध्यमवर्ग असेल असं मला वाटलं. पण प्राइस नावाची एक संशोधन संस्था आहे, तिनं २०२०-२१ च्या भावानं वर्षाला ५ ते ३० लाख कमावणाऱ्या घराला मध्यमवर्ग म्हटलंय. ५ ते ३०! एका बाजूला आमच्या ऑफिसचा नवा क्लार्क आणि दुसऱ्या बाजूला आमचा मोठा साहेब, दोघं एकाच वर्गात, एकाच बाकावर. इंदौरला हे खरं म्हणजे चालून जातं, कारण सकाळी पोह्याच्या ठेल्यावर फॉर्च्युनरवाला आणि सायकलवाला दोघंही रस्त्यातच उभे राहून कागदावर पोहे खातात आणि दोघंही "भिया, थोडी सेव और" असंच म्हणतात. वरून भुरभुरायचा जीरावन मसाला तर फुकटच.

मग मी खर्चाच्या बाजूनं बघितलं. सरकारी सर्व्हेप्रमाणे २०२३-२४ मध्ये शहरातल्या माणसाचा सरासरी महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये. मी वही काढली, फ्लॅटचा हप्ता सोडून आमचा साठ हजार निघाला, भागिले चार, डोई पंधरा हजार. सरासरीच्या दुपटीच्या वर. मी जरा छाती फुगवून जाहीर केलं की आपण मध्यम बिध्यम काही नाही, चांगले खाऊनपिऊन वर आहोत.

आई तूर निवडत होती. तिनं हात थांबवला.

"माझ्यावर पंधरा हजार? महिन्याला?"

"सरासरी आहे गं ती."

"मी दोन पोळ्या खाते. एक गोळी बीपीची. माझे बाकीचे कोण खातंय?"

तेव्हापासून ती पोराच्या पिझ्झाच्या डब्याकडे आपले पैसे चालले असल्यासारखी बघते.

श्रीमंत असल्याचा भ्रम मला दोन आठवडे पुरला. मग पोराच्या कोचिंगला जवळ पडावं म्हणून आम्ही एलआयजी चौराह्याच्या बाजूला घर बघायला गेलो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, इंदौरला एलआयजी आणि एमआयजी ही वस्त्यांची नावंच आहेत, लोअर इनकम ग्रुप आणि मिडल इनकम ग्रुप, जुन्या काळी त्या त्या लोकांसाठी घरं बांधली आणि नाव तेच चिकटलं. दलालानं एक घर दाखवलं, पुढे स्कूटर लावली तर मागचं दार उघडत नाही एवढं. म्हणाला सव्वा करोड. मी म्हटलं अहो हे एलआयजी आहे ना, लो इनकमवाल्यांचं? तो माझ्याकडे फार मायेनं बघत म्हणाला, "भिया, आपका बजट तो बायपास के उधर का है." म्हणजे सरासरीच्या दुप्पट खर्च करणारा माणूस लो इनकम वस्तीच्या पण खाली निघाला. घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "एमआयजीत विचारूच नका, अहो."

तर २६ जानेवारी. महिनाअखेरीला रीडिंग, अ‍ॅपवर १४४. बायकोनं गिझरचं बटणच सेलोटेपनं चिकटवून टाकलं होतं, सुट्टी असल्यामुळे पाणी गॅसवर तापवून बालदीनं आंघोळी, पोरगा टीव्हीवर परेड बघत होता तर त्याला म्हटलं मोबाईलवर बघ. तेवढ्यात काकांचा फोन. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्यातला हा कोरडा दिवस आणि त्यांच्या बोअरची मोटर जळलेली. "आंघोळीला येतो रे, काकू पण आहे, केस धुवायचेत तिला."

आल्या पाहुण्याला बालदी कशी देणार. टेप काढली. काका आत पाऊण तास, वर भजन. मग काकू. मग काकूंचा ड्रायर. दोघं गुलाबी होऊन पोह्यांवर बसले आणि काका म्हणाले, "गिझर छोटा आहे तुमचा. मोठा घे, एवढं कमावतोस." बायको आत जाऊन मोबाईल घेऊन आली, काही बोलली नाही, फक्त माझ्यापुढे स्क्रीन धरली. १४९. आणि दिवस अजून पाच जायचे होते.

मला राहवलं नाही, मी काकांना सगळं सांगून टाकलं, १५० चं, टायमरचं, टेपचं. मला वाटलं ओशाळतील. ते पोटभर हसले.

"एकच मीटर? अरे वेड्या, आमच्याकडे तीन आहेत. खालचं माझ्या नावावर, वरचं काकूच्या, आणि मागच्या खोलीचं आईच्या. आजपर्यंत एक पण १५० च्या वर गेलं नाही."

आईनं पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "भाऊजी, सासूबाई २०११ मध्ये गेल्या ना?"

"हओ," काका शेव घेत म्हणाले, "पण वहिनी, तिचा वापर तसा पहिल्यापासून कमीच."