अमुंडसेन रोज २० मैल चालला नव्हता

दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीवरचा एक मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन ऊन असो वा वादळ, रोज बरोबर २० मैल चालला. ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट हवा चांगली असली की माणसांना दमवी आणि वाईट असली की तंबूत बसून राही. दोघांची परिस्थिती सारखीच होती, म्हणून एक आधी पोहोचून सुखरूप परतला आणि दुसरा साथीदारांसह परतीच्या वाटेवर मेला, यातला फरक फक्त शिस्तीचा. मोहिमेच्या नोंदी समोर ठेवल्या तर यातले फारसे काही शिल्लक राहत नाही.

आधी ‘रोज २० मैल’. स्वतःसह पाच माणसे, चार स्लेज आणि ५२ कुत्री घेऊन अमुंडसेन १९ ऑक्टोबर १९११ रोजी तळावरून निघाला आणि २५ जानेवारी १९१२ ला परतला. ९९ दिवसांत सुमारे ३,००० किमी, म्हणजे दिवसाला साधारण ३० किमी किंवा १९ मैल. पण ही सरासरी झाली, वेळापत्रक नव्हे. ८०° अक्षांशावर आधीच ठेवलेल्या अन्न-इंधनाच्या साठ्याशी तो २३ ऑक्टोबरला पोहोचला आणि २६ ला हलला. सुरुवातीला चालीच्या दिवशी सुमारे २८ किमी होत. ८२° च्या पुढे तीन दिवसांत एक अंश असा वेग धरला, म्हणजे रोज ३७ किमी. ॲक्सेल हायबर्ग हिमनदी चढून माथ्यावर २१ नोव्हेंबरला आल्यावर ठरल्याप्रमाणे २४ कुत्री मारली. तिथे दोन दिवस थांबायचे होते, पण वादळाने जास्त अडकवले. पुढच्या भेगाळ हिमनदीवर तर दिवसाची चाल काही किलोमीटरांवर आली.

दाव्यातली एक गोष्ट मात्र खरी आहे: हवा उत्तम असतानाही तो ठरलेल्या टप्प्यावर थांबे. १३ डिसेंबरला ध्रुव जेमतेम २८ किमीवर असताना त्याने मुक्काम केला. याचे कारण व्यावहारिक होते. सपाटीवर २८ किमी पाच-सहा तासांत उरकत, उरलेला वेळ कुत्र्यांना आणि माणसांना विश्रांती मिळे. जास्त ओढले तर माणसाला घाम येतो, घाम कपड्यांत मुरतो, रात्री गोठतो, आणि ओले कपडे झोपण्याच्या पिशवीत वाळवायला शरीराचीच उष्णता खर्ची पडते.

आणि हाच ‘शिस्तबद्ध’ अमुंडसेन ८ सप्टेंबर १९११ ला, स्कॉट पुढे जाईल या धास्तीने, हिवाळा सरायच्या आतच निघाला होता! पारा −५६° सेल्सिअसपर्यंत उतरला, टाचा हिमदंशाने गेल्या, कुत्री मेली. ८०° वर सामान टाकून सगळे माघारी आले. परतीची पांगापांग इतकी वाईट होती की दोघे जण मागे पडले आणि बऱ्याच उशिरा पोहोचले. मजकुरात हा भाग कधीच नसतो.

आता स्कॉट. जाताना, तट्टू स्लेज ओढत होते त्या टप्प्यात, ठरीव मैलांची चाल त्याचीच होती: ‘वन टन’ नावाच्या साठ्यापर्यंत रोज १० सागरी मैल, पुढे १३. जाताना तंबूत अडकल्याचा मोठा प्रसंग म्हणजे ५ ते ८ डिसेंबर, बियर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी. तापमान शून्याच्या आसपास, ओला बर्फ, तट्टू पोटापर्यंत रुतणारे. त्यात स्लेज ओढणे शक्यच नव्हते, हट्टाने निघाले असते तरी. परतीच्या मार्चमधल्या आठवड्यांत तर, शेवटच्या वादळाने तंबूत अडकेपर्यंत, तो गट जवळपास रोज चालत होता. फक्त चाल दिवसाला दहा-बारा किलोमीटरांवर आली होती.

‘परिस्थिती सारखीच’ हे सगळ्यात चुकीचे. अमुंडसेनचा तळ स्कॉटच्या तळापेक्षा ध्रुवाला सुमारे ११० किमी अधिक जवळ होता. तट्टूंना थंडी सोसत नाही म्हणून स्कॉटचा मुख्य गट १ नोव्हेंबरला निघाला. तो १७ जानेवारीला ध्रुवावर पोहोचला. आठवड्याभराने अमुंडसेन तळावर परत होता. त्यामुळे स्कॉटला परतीच्या वाटेवरची हिमनदीखालची बर्फाची सपाटी मार्चमध्ये ओलांडावी लागली, −३५ ते −४०° मध्ये. एवढ्या थंडीत स्लेजच्या पट्ट्यांखाली वंगणासारखा पाण्याचा थर तयार होत नाही, बर्फ वाळूसारखा धरून ठेवतो.

मग खरा फरक कशात होता? स्कॉटची माणसे बियर्डमोरपासून पुढे स्लेज स्वतः ओढत होती. त्यांच्या शिध्यात दिवसाला ४५४ ग्रॅम बिस्किटे, ३४० ग्रॅम पेमिकन (वाळवलेले मांस आणि चरबी), ८५ ग्रॅम साखर आणि ५७ ग्रॅम लोणी: सुमारे ४,५०० कॅलरी. ओढकामाला ६,००० च्या आसपास लागतात. ही तूट कितीही शिस्तीने भरून निघत नाही. त्यात शेवटच्या टप्प्यात चारऐवजी पाच माणसे नेली. तंबू, चूल, शिधा सगळे चौघांच्या हिशेबाने बांधलेले; स्वयंपाकालाच रोज अर्धा तास जादा जाऊ लागला, म्हणजे केरोसीनही. पाचांतल्या बॉवर्सची स्की आधीच मागे ठेवलेली, त्यामुळे तो पायी.

साठ्यांचे गणित याहून कडक होते. अमुंडसेनने ८०° च्या साठ्याच्या दोन्ही बाजूंना, मार्गाला काटकोनात, एकूण २० झेंडे रोवले. धुक्यात काही किलोमीटर चुकले तरी एखादा झेंडा दिसावा, ही कल्पना. मार्गावर माणसाच्या उंचीचे १५० बर्फाचे मनोरे, त्यांसाठी कापलेले ९,००० ठोकळे. प्रत्येक मनोऱ्यात चिठ्ठी, तीत क्रमांक आणि पुढच्या मनोऱ्याचे अंतर व दिशा. उलट स्कॉटचा ‘वन टन’ साठा ८०° वर ठेवायचा होता. तट्टू थकल्याने तो फेब्रुवारी १९११ मध्ये ७९°२९' वरच ठेवला गेला, ठरल्यापेक्षा सुमारे ५७ किमी अलीकडे. स्कॉटच्या गटाचा शेवटचा तंबू या साठ्यापासून २० किमी दक्षिणेला सापडला. ठरल्या जागी साठा असता, तर ते तिथे आधीच पोहोचले असते.

राहिले इंधन. स्कॉटच्या केरोसीनच्या डब्यांना चामड्याचे वॉशर होते. थंडीत ते आकसले, केरोसीन वाफ होऊन निसटले, आणि साठ्यांवर डबे कमी भरलेले मिळाले. इंधन नाही म्हणजे नुसता गारठाच नव्हे, पिण्याचे पाणीही नाही, कारण तिथे पाणी बर्फ वितळवूनच मिळते. अमुंडसेनने डबे डाख देऊन बंद केले होते.