कनाल द्यु मिदीवर रोज तीस किलोमीटर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया तुम्ही तपशिलाने लिहिलीत, म्हणून उत्तरही चार ओळींत उरकत नाही. ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्या लेखातल्या 'रोज आरामात तीस किलोमीटर' या वाक्यावर विसंबून तुम्ही दक्षिण फ्रान्समधल्या या कालव्यावर त्रेब ते बेझिए हा प्रवास तीन दिवसांत आखलात, आणि ओंप्सला पोचेपर्यंतच दीड दिवस गेला. 'परवाना लागत नाही' असं छापणं बेजबाबदारपणाचं आहे, झाडांची कमान फोटोपुरतीच होती, गुडघेदुखीच्या आई-बाबांचे हाल झाले, आणि त्यापेक्षा र्‍होन नदीवरचं मोठं जहाज बरं होतं, असंही तुमचं म्हणणं आहे.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ते वाक्य चुकीचं होतं, मूळ लेखात बदललं आहे. पण नुसतं 'तीसऐवजी वीस' करून भागत नाही, कारण कालव्यावर अंतर किलोमीटरमध्ये मोजणं हीच मुळात गफलत आहे. हिशेब लॉकचा करायचा, आणि लॉकमध्येही हौदांचा. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद: त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला नेतात; असे दोन-तीन हौद लागोपाठ असले की ते दुहेरी, तिहेरी लॉक.

तुमच्याच मार्गाचं गणित मांडू. त्रेब ते ओंप्स अंतर साधारण २७ किमी. कालव्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी ८ किमी, पण काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग अगदी कमी करावा लागतो, वळणं आणि अरुंद पूल येतात, म्हणून सरासरी सहाचीच धरा. म्हणजे नुसतं चालण्याचे साडेचार तास. आता हौद: त्रेबला तिहेरी लॉक, मार्सेयेतला एकेरी, फोंफीलला पुन्हा तिहेरी, मग सँ-मार्तँ, एग्वी आणि प्युईशेरिक ही तीन दुहेरी, शेवटी झुआरचं एकेरी. एकूण चौदा हौद. एकेरीला पंधरा मिनिटं, दुहेरीला पंचवीस, तिहेरीला चाळीस धरली तर तीन तास होतात. प्रत्येक ठिकाणी समोरून येणार्‍या बोटी बाहेर पडेपर्यंत दहा मिनिटं थांबणं आलंच. तो आणखी तासभर. त्यात दुपारी साडेबारा ते दीड लॉक जेवणासाठी बंद. बेरीज पावणेदहा तासांच्या घरात जाते, आणि भर उन्हाळ्यातही लॉक साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ७ एवढीच चालतात. दीड दिवस लागला यात तुमची काहीच चूक नाही. उलट जुलै-ऑगस्टच्या गर्दीत एवढ्या वेळात जमलं, हे बरंच म्हणायचं.

पुढची गंमत अशी की ओंप्सनंतर सात किलोमीटरमध्ये आणखी सहा हौद येतात, आणि आर्जांसचं लॉक मागे पडलं की बेझिएजवळच्या फोंसरानच्या पायर्‍यांपर्यंत, म्हणजे तिथल्या एकामागून एक उतरत्या हौदांपर्यंत, तब्बल ५४ किमी एकही लॉक नाही. या कालव्यावरचा हा सर्वांत लांब सलग पट्टा. इथे दिवसाला तीस किलोमीटर खरंच आरामात होतात. आमचं वाक्य या पट्ट्यापुरतं खरं होतं, ते सगळ्या कालव्याला चिकटवलं गेलं. आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती: 'आठवड्याची' बोट म्हणजे सहाच दिवस. ताबा पहिल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मिळतो, कागदपत्रं आणि शिकवणी यात संध्याकाळ होते, आणि शेवटच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत परत करायची असते. म्हणजे शेवटची रात्र बोट परत करायच्या ठिकाणाच्या आसपासच काढावी लागते.

परवान्याबद्दल मात्र आम्ही आमच्या जागी ठाम आहोत, फक्त नीट सांगायला हवं होतं. फ्रान्समध्ये १५ मीटरपर्यंतच्या भाड्याच्या बोटीला भाडेकरूकडे परवाना असावा लागत नाही. बोट देणारे शिकवणी घेऊन 'कार्त द प्लेझांस' नावाचं कार्ड देतात, ते तेवढ्या मुदतीपुरतं चालतं. खरी अडचण अशी की ही शिकवणी कधीकधी अर्ध्या तासात गुंडाळतात आणि बहुतेक जण त्या वेळी सामान लावण्यात गुंतलेले असतात. म्हणून सांगणं एवढंच: पहिलं लॉक त्यांचा माणूस बोटीवर असतानाच पार करा. जवळ लॉक नसेल तर निदान काठाला लावणं आणि उलट्या दिशेने येणं दोनदा करून घ्या.

बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर उलटा गियर, आणि सात-आठ टनांचं धूड त्यालाही सावकाश ऐकतं. चाक फिरवलं की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, म्हणून नवखा माणूस आणखी फिरवतो, मग बोट एकदम वळते, मग तो उलटं फिरवतो. पहिल्या तासात सगळ्यांच्याच बोटी दारू प्यायल्यासारख्या चालतात त्या यामुळे. थोडं फिरवायचं, वाट बघायची, आणि नाक सरळ होण्याआधीच चाक परत आणायचं. शिवाय पंखा पाणी ढकलत असतो तोवरच सुकाणू नीट चालतं. गियर सुटा करून वळायला गेलात तर बोट वार्‍याच्या ताब्यात. ओद भागात 'सेर्स' नावाचा पश्चिमेकडून येणारा वारा जोराचा असतो. तो सुटला की या सपाट तळाच्या बोटी आडव्या सरकतात. अशा दिवशी बांधून बसणं शहाणपणाचं.

आता लॉक. त्रेबकडून बेझिएकडे जाताना तुम्ही उतरत होता, आणि अपघात उतरतानाच जास्त होतात. दोराचं एक टोक बोटीच्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला), मधला भाग काठावरच्या खुंट्यामागून वळवलेला, दुसरं टोक हातात; पाणी उतरेल तसा दोर सोडत राहायचा. तो खुंट्याला किंवा क्लीटला पक्का बांधून माणूस फोटो काढायला गेला की पाणी खाली जातं आणि बोट लटकते. आधी एका अंगाला कलते, मग दोर तरी तुटतो नाहीतर क्लीट उपटून येते. असं दिसू लागलं तर ताणलेल्या दोराशी झटापट करू नका. लॉककीपरला ओरडून झडपा बंद करायला सांगा, 'स्टॉप' सगळ्यांना कळतं. दुसरा धोका उंबर्‍याचा. हौदाच्या वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरा असतो, भरलेल्या हौदात तो दिसत नाही. बोट मागे सरकलेली असेल तर पाणी उतरताना सुकाणू त्यावर टेकतं आणि पुढचं टोक खाली जातं. म्हणून उतरताना मागच्या दरवाज्यापासून चांगलं अंतर ठेवून उभं राहायचं.

इथली लॉक लंबगोल आहेत याचाही त्रास होतो, तो लेखात नव्हता. पियेर-पॉल रिकेने १६६७ मध्ये हा कालवा बांधायला घेतला (तो पुरा झाला १६८१ मध्ये), तेव्हा सुरुवातीच्या एका लॉकची सरळ भिंत मातीच्या दाबाने ढासळली. मग भिंती कमानीसारख्या बाहेर फुगवल्या, आडवी ठेवलेली कमानच ती. भिंती टिकल्या, पण सरळ बोट वाकड्या भिंतीला फक्त मध्यावर टेकते आणि दोन्ही टोकं झुलत राहतात. म्हणून पुढच्या आणि मागच्या दोरावर एकेक माणूस हवा, तिसरा चाकाशी. दोघांनीच बोट घेणं जमतं, पण दमछाक होते. भिंतीपासून बोट पायाने ढकलायची नाही, कधीच नाही. पाय मधे सापडला तर टनांपुढे हाडाचं काही चालत नाही.

झाडांचा आक्षेपही रास्त आहे. फोटो जुना होता, काढून टाकला. कालव्याकाठी ४२,००० प्लेन वृक्ष होते; २००६ मध्ये त्रेबजवळच एका बुरशीचा रोग सापडला, त्यावर इलाज नाही, आणि तेव्हापासून निम्म्याहून जास्त झाडं तोडून जाळावी लागली. तुमचा पट्टा सुरुवातीपासून बाधित होता, म्हणून तिथे कोवळी रोपं आणि ऊन. ही बुरशी सालीच्या जखमांतून शिरते आणि मुळांमधून शेजारच्या झाडात जाते. झाडाला दोर बांधायला बंदी आहे ती यामुळे. बोटीवर लोखंडी मेखा आणि हातोडा दिलेला असतो, त्या तिरक्या ठोकायच्या आणि दोर काठावरच्या वाटेवर आडवा येणार नाही असं बघायचं, कारण त्या वाटेवरून सायकली जातात.

आई-बाबांच्या बाबतीत तुमचंच बरोबर. भाड्याच्या बोटीत जिना उभा, मोरी एवढीशी, आणि काठावर उतरताना उडीच मारावी लागते. र्‍होन-सोनवरची जहाजं ११० ते १३५ मीटर लांब, बहुतेकांवर लिफ्ट असते, आणि बोलेनच्या लॉकमध्ये सुमारे २३ मीटर खाली उतरताना कॉफीचा कपही हलत नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बरंच अंतर जहाज रात्री कापतं, त्यामुळे ज्यासाठी गेलो तो गावाकडचा देखावा झोपेत निघून जातो. आणि वसंतात पूर आला तर पुलाखालून जाण्याइतकी उंची उरत नाही, मग सहलीचा काही भाग बसने करावा लागतो. मधला पर्याय म्हणजे खलाशी आणि स्वयंपाकी असलेली हॉटेल-बार्ज. महाग, पण ज्येष्ठांना सोयीची.

जेवणाचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, आम्हीही ओझरतंच सांगतो. गॅसची शेगडी असते, छोटा कुकर चालतो, फोडणी देताना वरची झडप उघडी ठेवा. मिक्सर किनार्‍याची वीज जोडल्याशिवाय चालणार नाही. मसाले आणि पीठ नेता येतं. तूप, पनीर, खव्याची मिठाई आणि कढीपत्ता भारतातून युरोपीय संघात नेता येत नाही. गावातली दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर आणि बर्‍याच ठिकाणी सोमवारीही बंद, तेव्हा भाजी शनिवारीच भरून घ्या. कार्कासोनचा बाजार मंगळवार, गुरुवार, शनिवार.

पुन्हा जायचं झालं तर बोट आर्जांसहून घ्या आणि तिथेच परत करा. तिथून कोलोंबिए ४८ किमी, आणि आर्जांसच्या लॉकपुढे वाटेत एकही लॉक नाही. जाऊन-येऊन सोळा तास चाक हातात, सहा दिवसांत रोज तीन तासही नाहीत. ल सोमायला दगडी पुलाजवळ पहिला मुक्काम, मग कापेस्तांग. तिथला पूल फार ठेंगणा आहे, आधीच छत्री मिटवा, सगळ्यांना खाली बसवा, डेकवरच्या सायकली आडव्या करा आणि मधोमध जा. पुढे मालपासचा बोगदा, १६७९ चा. आत एकच बोट मावते, तेव्हा तोंडाशी थांबून भोंगा वाजवायचा आणि समोरून उजेड येत नाही ना ते बघायचं. बोगदा संपल्यावर बोट बांधून टेकडीवर चढलात तर खाली मोंतादीची शेतं दिसतात: तेराव्या शतकात उपसून कोरडं केलेलं तळं, मधोमध एक बिंदू आणि त्यातून चाकाच्या आर्‍यांसारखे निघालेले बांध. ते पाणी जातं याच टेकडीच्या पोटातून, तुमच्या बोगद्याच्याही खालून. कोलोंबिएहून फोंसरान सहा किलोमीटर. तिथे बोट न्यायची गरज नाही, सायकलने जा आणि काठावर उभं राहून इतरांचे दोर कसे अडकतात ते बघा.