‘पुस्तकवाल्यांचा माज’: हॉबिटच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तडक उत्तर लिहायला घेतलं. ते भलतंच झणझणीत झालं. सकाळी तर्री-पोहे खाऊन आल्यावर परत वाचलं, तर त्यापुढे तर्री अळणी वाटली, म्हणून पुसून टाकलं. आता शांत डोक्यानं लिहितोय. लांबलं आहे, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: टोलकीन या लेखकाच्या ‘हॉबिट’ या पुस्तकावर दिग्दर्शक पीटर जॅक्सननं काढलेल्या तीन सिनेमांबद्दल (२०१२, २०१३, २०१४) आमच्या कट्ट्यावर काय काय बोललं गेलं ते मी लिहिलं होतं आणि शेवटी माझं मत दिलं होतं, की या सगळ्या धुमाळीत हॉबिटच हरवला, म्हणजे तेरा बुटक्यांबरोबर ड्रॅगनकडचं सोनं परत आणायला निघालेला गोष्टीचा छोटेखानी नायक बिल्बो. भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं: हा पुस्तक वाचलेल्यांचा माज आहे. चार मित्रांची मतं म्हणजे प्रेक्षकांची मतं नव्हेत, टॉकीजमध्ये पब्लिक शिट्ट्या मारत होती. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या टोलकीनच्याच थोरल्या पुस्तकावरच्या आधीच्या सिनेमांतही जॅक्सननं पुस्तक मोडलं होतं, तेव्हा टाळ्या वाजवल्या, मग आता कायले रडता? सिनेमातला गॉब्लिन खलनायक ॲझॉग, त्याच्याबद्दल तुम्ही धडधडीत चुकीचं लिहिलंय. आणि शेवटी, ‘माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तुमचं ऐकून त्याला हे सिनेमे दाखवूच नको का?’

आधी ॲझॉग. चूक माझी. ‘हा पुस्तकात नाहीच’ असं मी लिहून बसलो होतो. पुस्तकात तो आहे, एका वाक्यापुरता. पहिल्याच प्रकरणात जादूगार गँडाल्फ बुटक्यांचा नेता थोरिन याला सांगतो, की तुझ्या आजोबांना मोरियाच्या खाणीत ॲझॉगनं मारलं. शेवटच्या लढाईत गॉब्लिनांचा म्होरक्या असतो बोल्ग, तो याचाच पोरगा. आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात ॲझॉगचं मरणही आहे: डाइन नावाच्या बुटक्यानं त्याला मारलं, ही गोष्ट सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी. म्हणजे ‘नाहीच’ हे चूक, ‘मेलेला आहे’ हे बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे. आता तुम्हीच बघा, मेलेल्या माणसाला उठवून, एक हात कापून, तीन सिनेमे त्या बुटक्यांच्या मागं पळवणं हे मी लिहिलं होतं त्यापेक्षाही जास्तच झालं.

शिट्ट्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मीही होतो तिथं. २०१२चा डिसेंबर, आपल्याकडची ती हाडात शिरणारी थंडी, आणि शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये आम्ही सहा जण ते जड काळे थ्रीडी चष्मे नाकावर सावरत बसलेलो. इंग्रजी सिनेमाला मध्यंतर नसतं, ते आपल्याकडे टॉकीजवाले पाडतात. त्या दिवशी त्यांनी ते पात्राच्या तोंडातलं वाक्य अर्धवट तोडून पाडलं, आणि सगळ्यात मोठी शिट्टी तेव्हाच वाजली, हे तुम्ही सोयीनं विसरलात. पण चला, गरुड आले तेव्हाही वाजल्या. पहिल्या भागानं जगभर १०० कोटी डॉलरच्या वर धंदा केला, तो काही माझ्यासारख्यांच्या तिकिटांवर नाही. लोकांना आवडला. त्याच लोकांपैकी एका चाहत्यानं २०१५च्या जानेवारीत तिन्ही भाग कापून चार तासांचा एकच सिनेमा केला आणि नेटवर टाकला, हेही प्रेक्षकाचंच मत. सिनेमावर जीव असल्याशिवाय कुणी एवढी कात्री चालवत बसत नाही.

आता माज. हा शब्द मला लागला, कारण तो निम्मा खरा आहे. ‘पुस्तकात असं नव्हतं’ म्हणताना आवाजात एक सूर येतो, तो माझाही येतो. पण पुस्तकाला हातच लावू नये असं मी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते सांगतो.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं, झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की रात्री नाटक. दहा-साडेदहाला पडदा उघडायचा आणि पहाटे तांबडं फुटताना पडायचा. तेच नाटक पुण्यात अडीच तासांत संपत असेल, पण वडश्याच्या मंडळीनं आणलं की त्यात गाणी येणार, लावणी येणार, एक विनोदी पात्र येणार ज्याचा गोष्टीशी काडीचा संबंध नाही. त्याला वन्स मोअर मिळाला की तो तेच पुन्हा करणार. आम्ही शाली गुंडाळून, शेंगा फोडत, डुलक्या घेत बघायचो. म्हणजे छोट्या गोष्टीची लांबलचक गोष्ट करणं हा गुन्हा आहे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? त्यावरच वाढलोय. पण त्या नाटकांत एक गोष्ट मी दर वेळी बघितली. पहाटे चारला, सगळ्या गोंधळानंतर, ऑर्गन हळू होतो आणि ज्या बाईची गोष्ट आहे ती बाई रंगमंचावर एकटी उभी राहते. त्या वेळी शेंगा फोडायचा आवाज बंद होतो. कंपनीवाल्यांनी कितीही पाणी घातलेलं असो, ही बाई कोण हे ते विसरलेले नसतात.

जॅक्सन विसरला, एवढंच माझं म्हणणं होतं. ते मी लेखात नीट मांडलं नाही, तुमच्यामुळे आता मांडतोय.

पिंपांचा प्रसंग घ्या. पुस्तकात बिल्बो तेरा बुटक्यांना रिकाम्या पिंपांत बसवतो, वरून झाकणं ठोकतो आणि त्यांना कैद करणारे एल्फ लोक ती पिंपं रिकामी समजून नदीत ढकलून देतात. सगळं झाल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आपल्याला पिंपात घालणारं कुणी उरलंच नाही. मग हा पठ्ठ्या एका पिंपाला चिकटून, थंड पाण्यात गटांगळ्या खात जातो. अंगठी घातलेली, म्हणून कुणाला दिसतही नाही. पुढे गावात मोठी मेजवानी होते, सगळे भाषणं करतात आणि याला इतकी सर्दी झालेली असते, की आभारसुद्धा चोंदलेल्या नाकानं ‘आभाड’ म्हणत मानावे लागतात. एवढं मोठं काम केलं आणि वाट्याला आलं पडसं! सिनेमात तीच पिंपं उघडी आहेत, काठावरून ऑर्क (म्हणजे गॉब्लिनच) धावताहेत, एल्फ बुटक्यांच्या डोक्यांवर पाय देत बाण मारतोय, एक जाडा बुटका पिंपासकट उसळ्या खात शत्रूंना लोळवतोय. मजा येते, नाही म्हणत नाही. फक्त बिल्बो कुठाय ते शोधा त्यात.

शेवटच्या लढाईचं तर विचारूच नका. पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो, आणि लढाईचा शेवट त्याला मागाहून सांगितला जातो. थोरिनचे भाचे फिली आणि किली एका वाक्यात जातात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलो होतो, हे काय, लढाई दाखवलीच नाही! टोलकीन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांत होता हे नंतर कळलं, तेव्हा त्या दगडाकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. सिनेमात ही लढाई जवळपास पाऊण तास चालते. तिसऱ्या भागाच्या डीव्हीडीवर पडद्यामागचं चित्रण आहे, त्यात जॅक्सननं स्वतःच सांगितलंय, की तयारीला वेळच मिळाला नव्हता. आधी दिग्दर्शक दुसरा होता, गिलेर्मो देल तोरो. तो २०१०मध्ये बाहेर पडला आणि हे घोंगडं जॅक्सनच्या गळ्यात आलं. दोनाचे तीन भाग करायचं तर २०१२च्या जुलैत जाहीर झालं, पहिला भाग यायला पाच महिने उरले असताना. त्या माणसाची दयाच येते मला.

तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा. टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खं उडवलं, नदीवर ग्लॉरफिंडेलच्या जागी आर्वेन आणली, हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फांची फौज आणली, तेव्हा मी गप्प होतो. गप्पच कशाला, खूश होतो. फारामिर या पात्राच्या बाबतीत मात्र नव्हतो, तेव्हाही कट्ट्यावर भांडलो होतो. पण बाकीच्या बदलांनी त्या गोष्टीचा नायक फ्रोडो, त्याच्या गळ्यातलं अंगठीचं ओझं हललं नाही. सिनेमा भरकटला तरी दर अर्ध्या तासानं त्या पोराच्या चेहऱ्यावर परत येतो.

आणि बदलाचंच म्हणाल तर टोलकीननं स्वतः ‘हॉबिट’ बदललंय. १९३७च्या पहिल्या आवृत्तीत गोलम, म्हणजे बिल्बोला अंधाऱ्या गुहेत भेटणारा त्या अंगठीचा आधीचा मालक, चक्क सज्जन होता. कोड्यांची पैज हरल्यावर अंगठी बक्षीस द्यायला तयार होता, ती सापडली नाही म्हणून बिचाऱ्यानं बाहेरची वाट दाखवली. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना ते जुळेना, म्हणून १९५१च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्यानं लिहिलं. अंधारात तलवार हातात, गोलम पुढ्यात वाट अडवून बसलेला, आणि बिल्बोला त्याची दया येते, तो मारत नाही, हे त्या नव्या लिखाणातलं आहे. माझी पुस्तकातली सगळ्यात आवडती जागाच मुळी मागून घुसवलेली! मग मी कसला कर्मठ?

पण त्याच माणसानं १९६०मध्ये अख्खं ‘हॉबिट’ पुन्हा लिहायला घेतलं होतं, थोरल्या पुस्तकासारखं भारदस्त करायला. ते कुणाला तरी वाचायला दिलं. उत्तर आलं ते असं, की छान आहे, पण हे ‘हॉबिट’ नाही. टोलकीननं काम तिथंच थांबवलं. जॅक्सनला असं सांगणारं कुणी भेटलं नसावं, किंवा भेटलं तोवर न्यूझीलंडमध्ये सेट उभे राहिले होते.

तरी सिनेमात ती दयेची जागा आहे, आणि ती मी मूळ लेखात एका ओळीत उडवली, त्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. ते दृश्य परवा पुन्हा लावून बघितलं. बिल्बो झालेला मार्टिन फ्रीमन तलवार गोलमच्या मानेजवळ नेतो. गोलमला बिल्बो दिसत नाही. तो नुसता इकडेतिकडे बघतो, हरवलेल्या पोरासारखा, डोळे भरलेले. फ्रीमनचा हात एक क्षण घट्ट होतो, मग चेहरा सैल पडतो. एक शब्द नाही. पुस्तकाला जे सांगायला परिच्छेद लागला ते या नटानं दोन श्वासांत केलं. सबंध आठ तासांच्या मालिकेत एवढं एक दृश्य असं आहे, की जॅक्सन घाई करत नाही.

हेच प्रकरण मी गेल्या मे महिन्यात भाचीला वाचून दाखवलं, तीही नऊचीच. दुपार, कूलर घरघरतोय, बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नाही असं ऊन. इंग्रजी तिला जड जातं म्हणून वाचता वाचता मराठीत सांगत होतो. बिल्बोचं पांढऱ्या घोड्यांचं कोडं आलं. ते मी पुरतं सांगायच्या आत ती ओरडली, ‘मामा, हे तर बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे!’ दात. बरोबर. तिला आजीनं घातलेलं कोडं आणि ऑक्सफर्डच्या प्रोफेसरचं कोडं एकाच तोंडातलं निघालं. पुस्तकात गोलमही ओळखतो आणि कुरकुरतो, की आपल्याला तर सहाच उरलेत. सिनेमात तो म्हणतो नऊ. दातसुद्धा वाढवले हो यांनी!

या भाचीनं मला आणखी एका बाबतीत गप्प केलं, तेही सांगून टाकतो. लेखात मी टॉरिएलवर अर्धा परिच्छेद तोंडसुख घेतलं होतं: पुस्तकात नसलेली एल्फ पोरगी, वरून तिचं बुटक्याशी प्रेमप्रकरण. पुस्तक संपवून आम्ही सिनेमे बघितले. टॉरिएल आली तशी मी म्हणालो, ‘ही पुस्तकात नव्हती.’ भाची म्हणाली, ‘पुस्तकात मुलगीच कोणती होती?’ मी आठवून बघितलं. गोष्टीत बोलणारी एकही बाई नाही. प्रेमप्रकरण अजूनही मला रद्दीच वाटतं, आणि मामाच्या हक्कानं सांगतो, तिलाही कंटाळाच आला त्यात. पण टॉरिएल तिला हवी होती. तो अर्धा परिच्छेद मी काढलेला नाही, फक्त खाली हे जोडलंय.

तेव्हा तुमच्या मुलाचं. दाखवा भाऊ, जरूर दाखवा. माझं ऐकून पोरांचे सिनेमे बंद करायला लागलात तर मलाच पाप लागेल. फक्त क्रम थोडा उलटा करून बघा. आधी पुस्तकातलं पाचवं प्रकरण, कोड्यांचं, एकटंच वाचून दाखवा; मागचंपुढचं दोन वाक्यांत सांगितलं तरी चालतं. मग पहिला भाग लावा. दुसऱ्यात ड्रॅगन येतो, स्मॉग. तो आणि बिल्बो सोन्याच्या ढिगाऱ्यात बोलतात तेवढं अजिबात चुकवू नका. पुढचं वितळलेल्या सोन्याचं प्रकरण चालू असताना चहा टाकायला उठलात तरी काही बिघडत नाही. तिसऱ्यात मुंडकी उडतात, तो त्याच्या आईला विचारून ठरवा. आणि पुस्तक उघडायच्या आधी त्याला बत्तीस चिऱ्यांचं घालून बघा, येतं का. नाही आलं तर मला कळवा, आमच्याकडे आजी आहे अजून.