आठ हजारी

सुरुवात टोमॅटोपासून झाली. रविवारी सकाळी कोशिंबिरीचं काम माझ्याकडे असतं. वांगी माझ्या हातात द्यायची बायकोची हिंमत नाही, कारण कृष्णाकाठच्या वांग्याला देठाशी धरून चार चिरा द्यायच्या असतात आणि माझ्या हातून भरल्या वांग्याचं थेट भरीत होतं. तर टोमॅटो घेतला, सुरी ठेवली आणि दाबली. टोमॅटो चिरला गेला नाही, तो बसला. आतला ऐवज माझ्या बनियनवर आला.

आमच्या घरात यावर उपाय ठरलेला आहे. आई उठते, ओट्याच्या कडप्प्याच्या कडेवर सुरी चार वेळा खस्स खस्स ओढते आणि कामाला लागते. आजीच्या काळी हेच काम लोणच्याच्या बरणीच्या बुडावर व्हायचं. चिनी मातीच्या बरणीला तळाशी झिलई नसलेली खरबरीत कड असते, ती सुरीला चांगली लागते. दगडांच्या बाबतीत आमचं घर तसं समृद्ध होतं. पाटा-वरवंटा होता, सहाण होती. पैकी सहाण २०१९ च्या महापुरात गेली. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गावभागातले आम्ही सगळेच सामान वर चढवत होतो, त्या गडबडीत सहाण जिन्यावरून सुटली आणि तिचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून आई विकतच्या गंधाची डबी वापरते आणि रोज पूजेला बसली की आधी त्या डबीला नावं ठेवते.

पण मला कडप्पा चालणार नव्हता. आदल्या रात्री मी मोबाइलवर एक जपानी आचारी पाहिला होता. त्याने वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला, त्यावर सुरी नुसती टेकवली आणि कागद आवाजसुद्धा न करता दोन झाला. वर त्या सुरीच्या धारेत खिडकी दिसत होती. मला तसली धार पाहिजे होती.

रात्री दोनपर्यंत वाचून एवढं कळलं की धारेच्या दगडाला नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. मूळ हिशोब चाळणीचा. इंचाला जितकी भोकं, तितका नंबर. पुढे दाणा इतका बारीक होतो की चाळणीच संपते आणि मापं मायक्रॉनवर जातात. जपानी ८००० नंबरच्या दगडाचा दाणा साधारण सव्वा मायक्रॉनचा. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, माझा असायचा तेव्हा. त्यातही जपान्यांचा हजार वेगळा आणि पॉलिश पेपरवरचा युरोपियन हजार त्याहून जाडसर. म्हणजे सांगलीची पायली वेगळी नि तासगावची वेगळी, तसलं प्रकरण.

सकाळी गणपती पेठेत गेलो.

"सगळ्यात बारीक धारेचा दगड दाखवा."

"दगड एकच येतो ओ. एक बाजू जाड, एक बाजू बारीक."

"नंबर काय त्याचा?"

"दगडाला कसला नंबर? नंबर पेपरला. बारीकच पाहिजे तर झिरो नंबर घ्या."

"झिरो नको, मला आठ हजार पाहिजे."

दुकानदारांनी चष्मा वर केला. मला सगळ्यात बारीक पाहिजे होतं आणि ते सगळ्यात बारीकच देत होते, पण मी आठ हजारावर उभा होतो आणि ते शून्यावर. मधे काउंटर. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "अहो, तो कुरुंदाचा असतो बघा."

"मग कुरुंदवाडला जावा की. एस्टी लागलीच असंल."

गंमत अशी की मी बरोबर होतो. पाणी घालून वापरायच्या बहुतेक दगडांत जे घासतं ते ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे भट्टीत केलेला कुरुंदच. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा आपल्याच मुलखातून तिकडे गेलेला. माणिकसुद्धा जातीने कुरुंदच. पण हे सगळं मला फुटपाथवर आल्यावर आठवलं.

शेवटी दगड कुरिअरने मागवले. १०००, ३००० आणि ८०००. पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना पाच हजारी मनसब मिळाली होती, मला आठ हजारी घरपोच आली. बायकोने खोक्यावरचा आकडा वाचला.

"आठ हजार? दगडाला?"

"अगं, ती किंमत नव्हे. नंबर आहे तो."

"मग किंमत किती?"

मी दगड भिजत घालायला गेलो.

हे दगड वापरण्याआधी पाण्यात बुडवून ठेवायचे, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. बारीक दगडाला नुसते चार थेंब पुरतात म्हणे, पण मी समानतेच्या तत्त्वावर तिन्ही घातले. मुलीने आंघोळीच्या बादलीत डोकावून विचारलं, "बाबा, दगड शिजवताय?" बायको आतून म्हणाली, "हरभरे घातले असते भिजत तर उसळ तरी झाली असती."

मग कोन. जपानी पद्धतीने एका बाजूला १५ अंश. कंपासपेटी आणली, गणित केलं. पातं ४५ मिलिमीटर रुंद, म्हणजे सुरीची पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर उचलून धरायची. सुट्ट्या नाण्यांची चळत रचून मी ती उंची बघितली, आणि पहिल्याच ओढीला चळत बादलीत गेली. पुढचं सगळं अंदाजपंचे.

हजाराच्या दगडावर मी दहा मिनिटं दिली. खरं सांगायचं तर तो दगड कंटाळवाणा असतो. खर्र खर्र आवाज, करडा चिखल, आणि सुरी पहिल्यापेक्षा भिकार दिसते. तो चिखल धुवायचा नसतो, तोच घासतो. हे मी बायकोला ओट्यापाशी उभं करून समजावत होतो तेव्हा तिने फडकं माझ्या हातात दिलं. तीन हजारावर पंधरा मिनिटं. आणि आठ हजारावर दीड तास! तिथे जादू सुरू होते. दगड साबणासारखा गुळगुळीत, आवाज जवळजवळ नाही, आणि धारेशेजारची ती एक मिलिमीटरची पट्टी हळूहळू उजळत जाते. एक मिलिमीटरमध्ये आख्खा चेहरा मावत नाही. पण मला माझी एक भुवई दिसल्यासारखी वाटली.

सगळ्यांना ओट्याभोवती बोलावलं. टोमॅटो ठेवला. सुरी टेकवली, नुसती टेकवली, आचाऱ्यासारखी. मग ओढली. सुरी त्या सालीवरून अशी घसरत गेली जशी मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर न थांबणारी एक्सप्रेस. टोमॅटो उलट दिशेला निघाला आणि फ्रिजखाली गेला.

आई म्हणाली, "उजळलीस मात्र छान. शोकेसमध्ये ठेव."

संध्याकाळी शेजारचे काका आले. मिरज एमआयडीसीत तीस वर्षं ग्राइंडरवर काढून निवृत्त झालेत. बोलवलं नव्हतं, पण आमच्या वाड्यात बातमीला कुरिअर लागत नाही. त्यांनी धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, "बर आलावता का?"

"कुठला बर?"

"हात्तिच्या!" ते खुर्ची ओढून बसले. "एका अंगानं घासलं की धारेची कड पातळ होऊन पल्याडच्या अंगाला वळती. नखाला लागती बघ, कागदाच्या कडेवानी. मुठीपासनं टोकापर्यंत ती लागली तर धार झाली. नाय लागली तर दगड बदलायचा न्हाई. पोरीचा मार्कर आण."

मार्करने त्यांनी धारेशेजारची ती पट्टी, माझी दीड तासाची पुण्याई, दोन्ही बाजूंनी काळी केली. म्हणाले, "आता तू घास, मघा घासलंस तसंच." दोन ओढी दिल्या. त्यांनी सुरी दिव्याखाली धरली. पट्टीचा वरचा अर्धा भाग लख्ख झाला होता. आणि अगदी कडेला, जिथे टोमॅटोची गाठ पडते तिथे, काळी रेघ जशीच्या तशी.

"दीड तास तू धारेला हातच लावला न्हाईस. धारेच्या शेजाऱ्याला पॉलिश केलंस."

त्यांनी पाठ जरा वर उचलली, आणि हजाराच्या दगडावर बसले. माझ्या त्याच कंटाळवाण्या दगडावर. जोर नाही, घाई नाही. काळी रेघ आधी टोकाशी गेली, मग मध्यावर, मग मुठीपाशी. माझं नख धरून त्यांनी धारेच्या पल्याड फिरवलं. लागला! तो बर लागला, अगदी कागदाच्या कडेसारखा. मग दुसरी बाजू, मग हलक्या हाताच्या ओढी, आणि शेवटी माझ्या ऑफिसच्या पट्ट्याच्या उलट्या बाजूवर, न्हावी वस्तरा फिरवतो तशी पाठ पुढे करून दहा वेळा. पट्टा नवा होता, हे मी बोललो नाही.

फ्रिजखालचा टोमॅटो धुऊन आणला. काकांनी सुरी त्याच्यावर ठेवली आणि टोमॅटोच्या आरपार दिवा दिसेल अशी चकती काढली.

"तीन हजार? आठ हजार?" मी विचारलं.

"कशाला? टोमॅटोच्या सालीला दात लागत्यात. हजारावर बारीक दात ऱ्हात्यात, आठ हजारावर तू त्ये पाडतोस. वस्तऱ्याला पाड की. हितं कुणाची दाढी करायचीय?"

मी तोवर थोडं मिरजेवर घसरलो. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार-पॉलिश करणारे, आणि हा शब्द ज्या 'सैकल'वरून आला त्याचा अर्थच मुळी पॉलिश. मिरजेतल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सुटल्यावर तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या, आणि गावाचं नाव देशभर नेलं. पिढ्यान्‌पिढ्या पॉलिश करणारे लोक ते सोडून भोपळ्याकडे वळले, यातून मी काहीतरी समजायला हवं होतं, असं काकांना म्हणालो. काका म्हणाले, "त्यांचा बर येत होता."

नंतर महिनाभराने मी हट्टाने बर काढून, तिन्ही दगड पार करून, खरी आठ हजारी धार केली. तिने टोमॅटोही कापला आणि वर्तमानपत्रही, आणि खरंच आवाज आला नाही. आवाज नंतर आला, कारण ती पुरवणी बायकोने वाचायची ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी देवघरातून आईची हाक आली. माझा आठ हजाराचा दगड तिच्या पुढ्यात, त्यावर पाणी आणि हातात चंदनाचं खोड.

"बघ की रे, गंधच उगाळंना झालंय. नुसतं घसरतंय. जरा खरबरीत न्हाई का ह्याच्यात?"

मी मुकाट्याने हजाराचा आणून दिला. तिने तो उलटसुलट पाहिला. "ह्याच्यावर कांद्याची सुरी घासली न्हाईस न्हवं?"

"छे," मी म्हणालो.

तिने तरी तो दोनदा धुतला, खोड टेकवलं, आणि तिसऱ्या फेऱ्याला गंधाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. तेव्हापासून हजाराचा दगड देवघरात असतो, सोवळ्यात. सुरीला धार लावायची असली की मी आधी आंघोळ करतो.